दादाचं टांझानियातलं दुकान लायसन्स संपलं की बंद करा लागन, आता काय करावं?

पऱ्हाटीवाला (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. शेतकरी माणूस आहो, इथं पहिल्यांदाच लिहून राह्यलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ टांझानियात आहे, व्हिक्टोरिया तलावाच्या काठी म्वांझा म्हणून शहर आहे तिथं. हा सगळा पट्टा कापसाचा, म्वांझा, शिन्यांगा, सिमियु, त्यामुळं जिनिंगही भरपूर. दादा आयटीआय झालेला, इथल्या जिनिंगमध्ये रेच्यावर (कापसातून सरकी काढायची मशीन) फिटर होता. नागपूरहून मशीनी आफ्रिकेत जातात तेव्हा बसवून द्यायला आपल्याकडची पोरं जातात, तसा तो २०१४ ले सहा महिन्यांसाठी गेला, मग परत गेला, मग तिथंच राह्यला. २०१८ पासून त्याचं स्वतःचं दुकान आहे. रेच्याचे सुटे भाग, बेल्ट, बेअरिंग, रोलचे वॉशर, सुऱ्या, अन् मागं शेडमध्ये दुरुस्ती. दोन गडी तिथलेच ठेवले. वहिनी अन् पोरं वर्धेला, पोरांच्या शाळेसाठी.

आता झालं असं की २०२५ च्या जुलैच्या शेवटी तिथल्या सरकारनं ऑर्डर काढली, परदेशी माणसाले १५ प्रकारचे छोटे धंदे करता येणार नाही. त्यात घाऊक-किरकोळ विक्री आहे, मोबाईल रिपेअरिंग, सलून, मोबाईलवरून पैसे पाठवायची सर्व्हिस, शेतावर जाऊन माल खरेदी, लहान उद्योग असं बरंच आहे. ज्याचं लायसन्स चालू आहे त्याले मुदत संपेपर्यंत चालवता येते, पुढं रिन्यू नाही. दादाचं मार्चमध्ये संपते. मोडलं तर दंड कमीत कमी १ कोटी शिलिंग (आपले साडेतीन लाखाच्या वर), सहा महिन्यांपर्यंत जेल, अन् व्हिसा-परमिट रद्द.

एवढ्यात २९ ऑक्टोबरले तिथं इलेक्शन झालं अन् दंगल उसळली. अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद. आमच्याकडं त्या दिवशी सीतादही (कापूस वेचणी सुरू करायची पूजा) होती, आईनं वावरातून फोटो काढून दादाले पाठवला तर एकच टिक. दुसऱ्या दिवशी एकच टिक. आईले काही लिहिता वाचता येत नाही पण टिक समजते. चार-पाच दिवस ती फोन पदरात बांधून वेचायला जाये, दर तासाले माझ्यासमोर धरे, पाय बरं दुसरी आली का. शेवटी दादाचा साधा फोन लागला, तो घरातच बसून होता, दुकानाले काही झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून आईचं एकच, येऊन जा.

बाबा काही बोलत नाही. वहिनी म्हणते मार्चपर्यंत थांबा. अन् दादा म्हणते, दुकान त्याच्या जुन्या गड्याच्या नावावर करून टाकतो अन् मागून मीच चालवतो. मले ते काही पटून नाही राह्यलं, पण मी इथं बसून त्याले काय सांगू? परदेशात धंदा करून अशा फेऱ्यात सापडलेले इथं कोणी असतील तर सांगा, तुम्ही काय बदललं, काय सोडलं? "देव पाहून घेईन" असं नका लिहू, ते आई रोज म्हणते.

---

अकोटवाला_पोट्टा

भाऊ गड्याच्या नावावरच करा ना. दुबईत किती वर्षं तेच चाललं, ५१ टक्के तिथल्या माणसाचे कागदावर अन् धंदा आपला. सगळे करतात.

---

मदनीचा_फिटर

अकोटवाले भाऊ, दुबईचं वेगळं होतं. तिथं भागीदार घ्या हाच कायदा होता, अन् तोही २०२१ मध्ये बहुतेक धंद्यांसाठी काढून टाकला. टांझानियात उलटं आहे, परदेशी माणसानं हा धंदा करूच नये असं म्हणून राह्यले. अन् त्या ऑर्डरमध्ये मदत करणाऱ्या तिथल्या माणसालाही शिक्षा ठेवली आहे, ५० लाख शिलिंग दंड किंवा तीन महिने जेल. म्हणजे दादाचा गडी पण अडकणार. ज्या पोरानं सात वर्षं हाताखाली इमानदारीनं काम केलं त्याच्या गळ्यात हे काहून बांधता? अन् उद्या त्याची नियत फिरली तर दादा कुठं दाद मागणार, पोलिसात जाऊन सांगणार का की साहेब मी चोरून धंदा करत होतो?

आता माझं सांगतो, कारण धंदा आपला एकच आहे. मी पण रेच्याचाच माणूस, आर्वीकडचा. सुदानला वद मदनीत होतो. गेझिराचा पट्टा म्हणजे दोन नाईलच्या मधला सपाट मुलूख, कालव्याचं पाणी अन् कापूस. तिथं माझं छोटं वर्कशॉप होतं, रोल घासून द्यायचं, सुऱ्यांना धार लावायची, बीटर सेट करून द्यायचा. १५ एप्रिल २०२३ ले खार्टूममध्ये सैन्य अन् ते दुसरे निमलष्करी यांचं जुंपलं. आम्हाले वाटलं दोन दिवसाची भानगड आहे. मदनी तेव्हा शांत होतं, उलट खार्टूमची माणसं पळून आमच्याकडं येत होती, खोल्यांचे भाडे दुप्पट झाले. माझा भागीदार म्हणे थांबू, आता तर गिऱ्हाईक वाढन. मी थांबलो नाही. बसनं पोर्ट सुदान, तिथून नेव्हीच्या जहाजानं जेद्दा, तिथून विमान. ऑपरेशन कावेरी म्हणतात ते, ३,८०० च्या वर माणसं आणली तेव्हा. डिसेंबरमध्ये मदनी पण पडलं. वर्कशॉपचं पुढं काय झालं मले आजही माहीत नाही, भागीदाराचा फोन लागला तेव्हा तो इजिप्तमध्ये होता.

जहाजावर मोठं सामान नेता येत नव्हतं. लेथ गेली, ग्राइंडर गेला, दीड टन बेअरिंग-वॉशरचा स्टॉक गेला. सोबत काय आणलं तर एक फीलर गेज, एक मायक्रोमीटर अन् एक वही. वहीत कोणत्या जिनिंगमध्ये किती रेचे, कोणत्या मेकचे, रोल कधी बदलले, मॅनेजर कोण, त्याचा नंबर, हे सगळं. घरी आल्यावर बायको म्हणे एवढ्या वर्षात हीच कमाई का? रागानं म्हणाली, पण मी महिनाभर त्या वहीकडंच पाहत बसलो होतो.

मग एकेकाले फोन लावले. त्यातला एक मॅनेजर सुदान सोडून झांबियात जिनिंगले लागला होता, तो म्हणे सीझनपुरता येऊन जा, तिकीट-राहणं आमचं, काम नगावर. गेलो. आता दरवर्षी जातो. वर्कशॉप नाही, भाडं नाही, लायसन्स नाही, स्टॉक नाही. पैसा पहिल्यापेक्षा कमी पण झोप लागते.

दादाचं दुकान बंद होत असन तर होऊ द्या. गिऱ्हाईक दुकानाचं नाहीये, त्याच्या हाताचं आहे. मध्यरात्री रेचा अडकला अन् बाहेर ट्रकांची लाईन लागली की जिनिंगवाला लायसन्स पाहत नाही, तो फिटर पाहतो.

---

पऱ्हाटीवाला

भाऊ डोळ्यात पाणी आणलं तुम्ही. वही दादाकडं पण आहे, पण त्यात उधारीच जास्त आहे असं तो म्हणते 😅

एक सांगा, सीझनपुरतं गेलात तर बाकी वर्षभर काय करता?

---

मदनीचा_फिटर

ह्यातच तर खरी गोष्ट आहे भाऊ. त्यांचा सीझन अन् आपला सीझन उलटा आहे. टांझानियाच्या त्या पट्ट्यात कपाशी नोव्हेंबर-डिसेंबरले पेरतात, वेचणी मे पासून, जिनिंग जूनमध्ये सुरू होऊन साधारण ऑक्टोबरपर्यंत. आपलं दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन होळीपर्यंत जोर. म्हणजे तिकडचे रेचे थंडे पडले की इकडचे गरम. मी जून ते ऑक्टोबर तिकडं, नोव्हेंबर ते मार्च इकडं वर्धा-यवतमाळच्या जिनिंगा. एप्रिल-मे लग्नं अन् पाणीटंचाई.

उधारी मात्र मार्चच्या आत वसूल करा. दुकानाचं शटर एकदा पडलं की उधारीवाले ओळख दाखवत नाहीत, मग ते म्वांझा असो की आपलं हिंगणघाट.

---

दर्यापूरची_ताई

मला जिनिंगमधलं काही कळत नाही पण परदेशातला धंदा संकटात कसा वळवायचा हे घरात पाहिलंय म्हणून लिहिते.

माझे मिस्टर मस्कतला एसी रिपेअरिंग करतात, त्यांचं दोन माणसांचं दुकान. २०२० च्या एप्रिलमध्ये मस्कत सगळं सील केलं होतं. तिकडे एप्रिल म्हणजे उन्हाळा चालू, वर्षाची निम्मी कमाई त्याच दोन-तीन महिन्यांची, आणि लोक कुणाला घरात घेईनात. मी इथे गावी होते, सासूबाई आजारी म्हणून आलेली ती अडकले, विमानं बंद. रोज रात्री ते फोनवर नुसते गप्प. एका रात्री मीच विचारलं, घरातले एसी बंद आहेत पण थंड काय काय चालू आहे ते तर सांगा. ते म्हणाले भाजीवाल्यांच्या कोल्ड रूम चालू आहेत, दुधाच्या चालू आहेत, औषधांच्या चालू आहेत. म्हटलं मग?

त्यांनी कोल्ड रूमचं काम आधी फार केलेलं नव्हतं. शिकले. एका केरळी माणसाकडून, तोही बसूनच होता, त्याला अर्धा वाटा दिला. आणि एकेक कॉलचे पैसे घेण्याऐवजी महिन्याचं कंत्राट सुरू केलं, मशीन बिघडो न बिघडो एवढे रियाल द्यायचे, त्यात दोन व्हिजिट आणि रात्रीचा फोन उचलायचा. पहिल्या महिन्यात तीनच मिळाले. पण त्या तिघांचे पैसे खात्रीचे होते, त्यातून दुकानाचं भाडं निघालं.

हिशोब मी गावातून ठेवायचे. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर आणि तीही पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तर मी संध्याकाळी टाकीला टेकून वही घेऊन बसायची, ते पावत्यांचे फोटो पाठवायचे, मी लिहून घ्यायची. शेजारच्या काकू सासूबाईंना विचारायच्या, सूनबाई रोज टाकीत काय पाहते? 😄 पण खरं सांगते, त्या वेळेपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं की कोणतं काम फायद्याचं आणि कोणतं नुसतं पळापळीचं. घरगुती एसीमध्ये पेट्रोल आणि वेळ धरला तर काहीच उरत नव्हतं, हे टाकीला टेकून कळलं. आता सगळं सुरळीत आहे तरी घरगुती काम त्यांनी पाव केलंय.

तर भाऊ, दादांच्या वहीत उधारी आहे म्हणता ना, ती वही वहिनींकडे द्या. वर्धेला त्या आहेत, शिकलेल्या असतील. सुट्या भागांच्या विक्रीत किती सुटतं आणि दुरुस्तीत किती सुटतं हे वेगळं काढायला सांगा. मला तर वाटतं दुकान गेलं म्हणून जेवढं दुःख होतंय तेवढं दुकान कमवत नसेल.

---

गोंडखैरीचा_साहेब

मी सीए नाही, पण सीएच्या ऑफिसात सतरा वर्षं आहे त्यामुळे कागदाचं सांगतो, बाकी तुम्ही ठरवा.

टांझानियात आपला स्वतःचा धंदा करणाऱ्याला ए क्लासचं रेसिडेन्स परमिट असतं, नोकरी करणाऱ्याला बी क्लासचं. दादांना एखाद्या मोठ्या जिनिंगने मेंटेनन्सवर नोकरीला घेतलं तर ए वरून बी वर जाता येतं, वर्क परमिट वेगळं काढावं लागतं आणि ते मालकाने करायचं असतं. ऑर्डरमधल्या यादीत मशीनरीची टेक्निकल सर्व्हिस अशी वेगळी ओळ मला तरी दिसली नाही, पण लहान उद्योग हा शब्द आहे, आता मागचं शेड त्यात बसतं का हे तिथल्या वकिलाला पैसे देऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर भरवसा नको, आणि माझ्यावर पण नको.

दुसरा रस्ता म्हणजे बाजू बदला. आज दादा तिथे बसून इकडून माल मागवतात आणि तिथे विकतात, ते विकणंच बंद होणार आहे. तर इकडे बसून तिकडच्या जिनिंगला थेट विका. तो मग त्यांच्या देशातला किरकोळ धंदा राहत नाही, आपल्या देशातला एक्स्पोर्ट होतो. आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) ऑनलाईन निघतो, फी ५०० रुपये. जीएसटीत एलयूटी (हमीपत्र) भरला की टॅक्स न भरता माल बाहेर पाठवता येतो. फक्त टांझानियाचं एक आहे, माल निघायच्या आधी त्यांच्या स्टँडर्ड ब्युरोसाठी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, पीव्हीओसी म्हणतात. ते नसलं तर पोर्टवर दंड आणि तपासणीत माल लटकतो. लहान लहान पार्सलला हे परवडत नाही म्हणून चार-पाच जिनिंगच्या ऑर्डरी गोळा करून सीझनच्या आधी एकदाच पाठवायचं. एप्रिलपर्यंत बुकिंग, जूनच्या आत माल तिकडे. पैसे अर्धे आधी, अर्धे कागद दाखवल्यावर. उधारीवर एक नट पण नाही.

तिसरं, आणि हे लोक हमखास चुकतात. परत येऊन इथेच राहायचं ठरलं तर एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्यांचं) तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून साधं करावं लागतं, डॉलर असतील तर आरएफसी (परकीय चलनाचं) खातं उघडता येतं. आणि एनआरआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आली तर ठेवता येते, विकत घ्यायची नाही. आमच्याकडे एकाने दुबईत असताना तीन एकर घेतली, तलाठ्याने काही विचारलं नाही, रजिस्ट्री झाली, पाच वर्षांनी विकायला गेला तेव्हा प्रकरण बाहेर आलं आणि अजून निस्तरतोय. दादांच्या डोक्यात जमिनीचं असेल तर आधी राहायला या, मग घ्या.

---

पऱ्हाटीवाला

बाप रे. जमिनीचं होतंच डोक्यात! शेजारचे दोन एकर विकायचे आहेत, बाबांनी शब्द पण टाकून ठेवला. बरं झालं सांगितलं साहेब.

एक्स्पोर्टचं दादाले आज सांगितलं. तो आधी हसला, म्हणे मी हात काळे करणारा माणूस, मी काय एक्स्पोर्टर होतो. मग अर्ध्या तासानं परत फोन, म्हणे कोणत्या चार जिनिंगा घेशील माहीत आहे का, अन् स्वतःच नावं सांगत बसला. मार्च २०२५ पासून तिथं डॉलरमध्ये भाव सांगायलाही बंदी आहे, सगळं शिलिंगमध्ये पाहिजे, त्यामुळं त्याचं आधीच बम गणित बिघडलं होतं. माल डॉलरमध्ये आणायचा अन् विकायचा शिलिंगमध्ये, मधात शिलिंग घसरला की नफा गेला.

---

कारंजेकर

मोठं नाही लिहीत. आमचे मामा कुवेतले टेलर होते, स्वतःचं दुकान, चार मशीनी. २ ऑगस्ट १९९० ले इराक आत घुसलं. जॉर्डनच्या रस्त्यानं अम्मानले आले, तिथून एअर इंडियाच्या विमानानं, पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसं आणली होती तेव्हा. मामाच्या अंगावरच्या कपड्यात पैसे शिवलेले होते, टेलरच तो 😄 पण कुवेती दिनार कोणी घेईना, दीडदमडीचे झाले होते.

पुढं युनोनं इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई दिली. निसता देश सोडावा लागला यासाठीच एका माणसाले अडीच हजार ते चार हजार डॉलर. मामाले मिळाले, कारण पासपोर्टवरचे शिक्के अन् दुकानाचं भाडेपत्र त्यानं जपून ठेवलं होतं. त्याच्या संगतीच्या दोघांनी पासपोर्ट नवा करताना जुना फेकून दिला होता. त्याईचं बरंच वर्षं अडून राह्यलं.

म्हणून दादाले सांगा, सगळ्या कागदाचे फोटो घरी पाठवून ठेव. लायसन्स, परमिट, भाडेपत्र, स्टॉकची यादी, कोणाकडं किती बाकी. पुन्हा इंटरनेट बंद झालं तर निदान इथं राहीन.

अन् मामानं त्या पैशाचं काय केलं तर कारंज्यात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं दुकान टाकलं, जूनमध्ये तीन गावचा गणवेश त्याच्याकडून जाये.

---

वणीचा_वाघ

मी वेगळं बोलतो, राग नका मानू. परत येऊन करणार काय तो? यंदा पावसानं कपाशीची काय हालत केली पाहिली ना. २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० मध्यम धाग्याले अन् ८,११० लांब धाग्याले, पण विकायचं तर आधी अॅपवर नोंदणी करा, मग स्लॉट, मग ओलावा जास्त म्हणून परत. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ साठी बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयात कर पण काढून टाकला. आपल्याकडच्या जिनिंगाच अर्ध्या क्षमतेवर चालतात असं मालक म्हणतात, त्यात अजून एक फिटर आला तर काय करणार? माझा चुलतभाऊ कतारहून २०२० ले आला, जमा केलेले पैसे बोअर अन् बोलेरोत घातले, बोअरले पाणी नाही अन् बोलेरो वऱ्हाडाले जाते. आज तो म्हणते तेव्हा आलो नसतो तर बरं झालं असतं.

आई रडते म्हणून येऊ नये. येणं पण धंद्यासारखंच ठरवून पाहिजे.

---

मदनीचा_फिटर

वाघ भाऊ तुमचं अर्धं खरं आहे. फिटर भरपूर आहेत. पण रोलवर खाचा पाडून सुरीचा अन् रोलचा मेळ बसवणारा माणूस आजकाल मिळत नाही, जुने गेले, नवे पोरं नट आवळतात अन् जातात. रोलच्या खाचा घासून गुळगुळीत झाल्या की रुई ओढल्या जात नाही, रेचा तासाले कमी देते, मालक म्हणते कापूस खराब आला. कापसाचं काही नसते, रोलचं असते. तिकडं आफ्रिकेत हे काम करून दादाचा हात बसला असन, कारण तिथं बिघडलं की बदलायले लगेच पार्ट नाही, असलेलाच चालवावा लागते. आपल्याकडं फोन केला की नागपूरहून संध्याकाळी नवा येते, म्हणून कोणी शिकत नाही.

सगळं एकदम बंद करून येऊ नका म्हणा. मार्चपर्यंत स्टॉक त्याच गिऱ्हाईकांना विकून टाका, एप्रिल-मे घरी, पोरांच्या सुट्ट्या आहेतच. जूनमध्ये एखाद्या जिनिंगच्या बोलावण्यावर, पण त्याईनं रीतसर परमिट काढून दिलं तरच. टुरिस्ट व्हिसावर काम करायला अजिबात जाऊ नका, माझ्यासोबतचा एक तसा गेला अन् एअरपोर्टवरूनच परत आला. अन् तो जुना गडी, त्याले दुकानाचा मालक नका बनवू, पण तिथला माणूस म्हणून त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर, स्वतःच्या पैशानं त्याले सुट्या भागाचं दुकान टाकायचं असन तर टाकू द्या. तो मग दादाचा गिऱ्हाईक. इथून माल जाईन, तो तिथं विकन. त्यात लपवायसारखं काही नाही.

---

पऱ्हाटीवाला

हे शेवटचं दादाले लय पटलं. गड्यानं आधीच विचारलं होतं म्हणे, की बॉस तुम्ही गेलात तर हे रॅक मले विकत द्याल का. दादाले तेव्हा राग आला होता, वाटलं हा आत्ताच टपून बसला. आता म्हणते रॅकच काय, ग्राइंडर पण देतो, हप्त्यानं.

वहिनीकडं वहीचे फोटो आले. दोन दिवस त्या हिशोब लावून राहिल्या. ताई तुमचं खरं निघालं, सुट्या भागात पैसा फिरते बम पण सुटते कमी, दुरुस्तीत उलटं. अन् उधारी दादाले वाटत होती त्याच्या दीडपट आहे, त्यातली मोठी एकाच जिनिंगची. दादा आता रोज सकाळी त्या मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन चहा पिऊन येते.

आईले सांगितलं मार्चमध्ये येते. तिनं विचारलं जाईन का परत. मी म्हटलं जूनमध्ये, चार महिने. ती काही बोलली नाही, पण फोन पदरातून सोडून खुंटीवर ठेवला.

---

समुद्रपूर_जिनिंग

इतके दिवस वाचून राह्यलो होतो. माझी छोटी जिनिंग आहे, १८ रेचे. ते रोलच्या खाचांचं लिहिलं ना फिटर भाऊंनी, ते वाचून काल रात्री टॉर्च घेऊन पाहून आलो. पऱ्हाटीवाले भाऊ, दादा मार्चमध्ये येतात म्हणता, तोवर माझा सीझन संपते. त्याच्या आधी फोनवर व्हिडिओ लावून माझ्या पोराले शिकवतील का? पैसे देतो, फुकट नको. रेट विचारून सांगा.

---

पऱ्हाटीवाला

विचारलं भाऊ. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं आहे, त्यामुळं रात्री आपल्या नऊनंतर जमते म्हणे. रेटचं नंतर बोलू. आधी एवढं विचार म्हणे, रोल चामड्याचे हायत का रबरी, अन् शेवटचे कधी घासले होते?

---

समुद्रपूर_जिनिंग

चामड्याचे. अन् मागच्या सीझनले घासलेच नाई 🙏